दोन इमारतींमधली जागा

आमच्या ऑफिसात पुनर्वसनाच्या इमारतीचं काम आलं की मी आधी सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढायला सांगते, प्लॅन नंतर. नव्याने आलेल्या मुलांना हे उलटं वाटतं. पण तीनशे चौरस फुटांच्या घराचा प्लॅन कितीही फिरवला तरी त्यात फिरण्यासारखं थोडंच असतं. एक खोली, ओट्यापुरती स्वयंपाकाची जागा, संडास, मोरी. त्या घरात राहणाऱ्या माणसाचे दिवस कसे जाणार हे ठरतं खिडकीसमोर काय आहे त्यावरून. समोरची भिंत किती लांब आहे, किती उंच आहे, मान वर केली तर आकाशाचा तुकडा दिसतो की नाही, हे सगळं सेक्शनच सांगतो.

मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींवर मी बरीच वर्षं काम करते आहे. या कामाबद्दल आमच्या क्षेत्रातही दोन टोकांची मतं ऐकू येतात. काही जण या इमारतींना उभी झोपडपट्टी म्हणून मोडीत काढतात. काहींना वाटतं, फुकट घर मिळतंय, आणखी काय हवं? दोन्ही बोलणारे त्या घरांत राहणारे नसतात. जी माणसं तिथे राहतात, त्यांना घर मिळाल्याचा आनंद असतोच. पक्की भिंत, घरातला नळ, दाराला आतून कडी असलेला स्वतःचा संडास यांची किंमत ज्याने रांगेत डबा घेऊन सकाळी काढल्या आहेत त्यालाच कळते. पण त्या आनंदानंतरची पाच वर्षं, दहा वर्षं कशी जातात हा माझ्या कामाचा विषय आहे. परवडणारं घर आणि टिकणारं घर असे दोन वेगळे विषय आम्हाला शिकवले गेले. माझ्या अनुभवात ते वेगळे निघाले नाहीत. जे घर चालवायला दर महिन्याला परवडत नाही ते टिकत नाही, आणि जे अंधारं आणि कोंदट आहे ते चालवायला महागच पडतं.

यातलं मूळ गणित जुनं आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर दोन वर्षांनी, 1898 मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीत रस्ते काढणं, घरं पाडणं, नवी बांधणं हे त्याचं काम. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी उजेडाचा एक नियम फार आग्रहाने मांडला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत एक तिरपी रेषा ओढायची आणि समोरचं बांधकाम त्या रेषेच्या खाली ठेवायचं. साडेत्रेसष्ट अंश हा आकडा विचित्र वाटतो, पण अर्थ सरळ आहे. समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त नको. वीस मीटर उंच इमारत असेल तर मध्ये दहा मीटर मोकळे हवेत. ट्रस्टने माणसांना बेघर केलं, वस्त्या उठवल्या, त्याचा इतिहास काही चांगला नाही. पण हा नियम मला आजही पटतो, कारण तो कोणत्याही यंत्राशिवाय तपासता येतो आणि तळमजल्यावरच्या माणसाच्या बाजूने उभा राहतो.

आता शंभर वर्षं पुढे या. गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती उभ्या राहिल्या. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी. बऱ्याच इमारती सात-आठ मजल्यांच्या आणि कित्येक ठिकाणी दोन इमारतींच्या मध्ये तीन मीटर. एकवीस मीटरची उंची आणि तीन मीटरचं अंतर धरलं तर ऑर यांच्या रेषेचा कोन साडेत्रेसष्ट राहत नाही, बेऐंशीच्या जवळ जातो. म्हणजे रेषा जवळजवळ उभीच. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने या वसाहतींत घराघरांत जाऊन क्षयरोगाची पाहणी केली, तिचा अहवाल 2018 मध्ये आला. ज्या वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून होत्या तिथे क्षयरोग जास्त होता, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर अधिक. हा अहवाल आला तेव्हा मी एका इमारतीच्या नकाशांवर काम करत होते. तो वाचल्यानंतर सेक्शनवरची मधली जागा मला निव्वळ रिकामी जागा म्हणून पाहता आली नाही. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. खोलीतली हवा बदलली की ते विरळ होतात, कोंडली की साठतात. खिडकी उघडून समोर तीन मीटरवर दुसऱ्याची खिडकी असेल तर माणूस ती उघडतच नाही. बाईला घरात वावरायचं असतं, कपडे बदलायचे असतात. पडदा लागतो, पडद्यामागे काच बंद होते, आणि दिवसा दिवा लावावा लागतो.

मी ज्या कामाबद्दल लिहिते आहे ती वस्ती पूर्व उपनगरात, एका नाल्याला लागून. जमीन साधारण एक हेक्टरची. बैठी घरं, बऱ्याच घरांवर पोटमाळा किंवा पत्र्याचा दुसरा मजला. खाली मालक, वर भाडेकरू. जो वर राहायचा त्याचं नाव परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, यायचं नाही, तो अपात्र. पुनर्वसन योजनेचं हे एक फार मोठं दुखणं आहे आणि आर्किटेक्टच्या हातात ते नाही, पण त्याच्याकडे डोळेझाक करून ‘सर्वांना घर’ असं लिहिणं मला जमत नाही. वस्तीतले भाडेकरू पुढच्या वस्तीत गेले. ज्यांना घर मिळालं त्यांच्यासाठी मी जे करू शकत होते तेवढंच मी इथे सांगते आहे.

झोपडपट्टी पुनर्वसन योजना 1995 साली आली. तिचा पाया असा: विकासक झोपडीधारकाला मोफत घर देतो आणि त्या बदल्यात त्याच जमिनीवर विक्रीची इमारत बांधायला जादा चटईक्षेत्र घेतो. सुरुवातीला घर 225 चौरस फुटांचं होतं, मग 269, आणि मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास नियमावलीपासून 300. घर मोठं होत गेलं याचा सगळ्यांना आनंद आहे, मलाही आहे. मात्र घरांच्या आतला फूट-फूट मोजणाऱ्या नियमाने घरांच्या बाहेरचे मीटर फारसे मोजले नाहीत. त्याच नियमावलीत अशा योजनेत हेक्टरी किमान 650 गाळे बसवायला सांगितलं आहे. किमान! कुटुंबात साडेचार माणसं धरली तर हेक्टरला जवळपास तीन हजार माणसं झाली.

हा आकडा ऐकून माणूस घाबरतो. मी स्वतः तो आकडा कागदावर मांडून पाहिला आणि त्यात न घाबरण्यासारखंही काही सापडलं. तीनशे चौरस फुटांच्या घराला जिना, पॅसेज, भिंती धरून साधारण 42 चौरस मीटर बांधकाम लागतं. 650 घरांना 27,300 चौरस मीटर. तळमजला अधिक सात, म्हणजे आठ मजली इमारती केल्या तर जमिनीवर फक्त एक तृतीयांश भाग व्यापतो. उंची चोवीस मीटरच्या आत राहते, मध्ये बारा मीटरचं अंतर सोडता येतं, ऑर यांची रेषा पाळली जाते आणि झाडं लावायला, मुलांना खेळायला जागा उरते. म्हणजे दाटी आणि अंधार यांचं नातं आपण समजतो तसं अटळ नाही. पण जमिनीचा अर्धा तुकडा विक्रीच्या इमारतीला कापून दिला की तीच 650 घरं अर्ध्या हेक्टरवर येतात. मग सोळा मजले चढवावे लागतात, सोळा मजल्यांना चोवीस मीटरचं अंतर लागतं, ते सोडायला जागा नसते, आणि भिंती जवळ सरकू लागतात. दिवंगत अभियंते शिरीष पटेल वर्षानुवर्षं हीच गोष्ट आकडे मांडून सांगत आले. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर नवी मुंबईची कल्पना मांडणारे ते. नुसता एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्राचा निर्देशांक, सांगून दाटी कळत नाही. घरात माणशी किती जागा आणि घराबाहेर माणशी किती जमीन, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे लेख मी माझ्याकडच्या प्रत्येक नव्या मुलाला वाचायला देते.

आमच्या वस्तीत जमीन वाटली गेलीच. ती वाटणी विकासकाच्या हिशेबावर ठरते, तो हिशेब बदलायची ताकद माझ्यात नव्हती. मग आम्ही नियमांतून जे मिळतं ते एका जागी गोळा करायला लागलो. अग्निशमन दलाचा बंब आत यायला रुंद रस्ता ठेवावाच लागतो. तो सहसा प्लॉटच्या कडेने, कंपाउंडला चिकटून फिरवतात. मोकळी जागा, जिला सगळे आरजी म्हणतात, तीही द्यावीच लागते, आणि ती बहुतेकदा नाल्याकडच्या कोपऱ्यात किंवा त्रिकोणी तुकड्यांत टाकून दिली जाते. आम्ही रस्ता आणि आरजी दोन्ही उचलून इमारतींच्या मध्ये आणले. जे मीटर नियमाने तसेही सोडायचे होते ते खिडक्यांसमोर सोडले. विकासकाचे इंजिनीअर सुरुवातीला तयार नव्हते. त्यांना रिहॅबच्या, म्हणजे पुनर्वसनाच्या, तीन इमारती कडेला दाबून हव्या होत्या, म्हणजे विक्रीच्या इमारतीचा पोडियम ऐसपैस झाला असता. बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी बंबाच्या वळणाचा प्रश्न त्यांच्या नकाशात सुटत नव्हता आणि आमच्या नकाशात सुटत होता, म्हणून आमचा मान्य झाला. उजेडाचा मुद्दा मी प्रत्येक बैठकीत मांडला होता. मान्य झाला तो बंबामुळे. मला त्याचं वाईट वाटत नाही. अंतर पडलं हे महत्त्वाचं.

तीन इमारती झाल्या, अकरा मजल्यांच्या. दोघींमध्ये बारा मीटर, तिसरी आणि दुसरीमध्ये नऊच. बारा मीटरला कोन एकोणसत्तर अंशांवर आला. साडेत्रेसष्ट नाही जमले.

दुसरी लढाई पॅसेजची. नेहमीच्या रिहॅब इमारतीत मधोमध एक अंधारा पॅसेज असतो, दोन्ही बाजूंना घरं. घराला बाहेरची भिंत एकच, खिडकी एकाच बाजूला. वारा आत शिरतो पण बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो शिरतही नाही. आम्ही पॅसेज एका बाजूला घेतला, उघडा, कठड्याचा, चाळीच्या गॅलरीसारखा. घराच्या एका बाजूला खोलीची खिडकी, दुसऱ्या बाजूला पॅसेजवर उघडणारी ओट्याची खिडकी आणि दारावर झरोका. दोन मीटरपर्यंतचा पॅसेज पुनर्वसनाच्या इमारतीत चटईक्षेत्रात धरत नाहीत, त्यामुळे रुंदी कमी करायला विकासकाकडे कारण नव्हतं. इमारतीची लांबी वाढली, बाहेरची भिंत वाढली, खर्च थोडा चढला. मुंबईत पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा आणि बाकीच्या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून येणारा, वायव्येकडचा. खोल्या पश्चिमेकडच्या वाऱ्याला सामोऱ्या ठेवायच्या तर दुपारचं ऊनही त्याच बाजूने येतं. इमारती थोड्या तिरक्या बसवून आणि खिडकीवर खोल चज्जा देऊन आम्ही मधला मार्ग काढला. चज्जा हा काटकसरीत सर्वांत आधी उडणारा भाग आहे. सेक्शनवर तो दोन रेघांचा असतो आणि खर्चाच्या तक्त्यात लगेच डोळ्यांत भरतो.

घराच्या आतल्या मांडणीसाठी मी वस्तीतल्या बायकांबरोबर बसले. नकाशा वाचता येत नाही म्हणून त्या गप्प बसतात हा अनुभव आधीचा होता, म्हणून वस्तीतल्या शाळेच्या आवारात फक्कीने घर आखलं, जसं साइटवर लाइनआउट करतात तसं, खऱ्या मापाचं. हे माझं डोकं नाही. ऐंशीच्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी महिला मिलन ही संघटना उभी केली, आणि स्पार्क या संस्थेच्या साथीने स्वतःच्या घरांचे पूर्ण मापाचे नमुने उभे करून लोकांना दाखवले. त्यांनी मागितलेली खोली चौदा फूट उंच होती, कारण त्यांना पोटमाळा हवा होता. फुटपाथवर राहणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बायका सेक्शनमधून विचार करत होत्या! लांबी-रुंदी वाढत नसेल तर उंची द्या, असं त्या सांगत होत्या.

आमच्या फक्कीच्या घरात बायका आत शिरल्या, बसल्या, झोपून पाहिलं. एका मावशींनी ओट्यापाशी उभं राहून विचारलं, “मॅडम, इथून मला पोरगं दिसंल का?” आम्ही ओटा आतल्या भिंतीला ठेवला होता. तो पॅसेजच्या बाजूला सरकवला, म्हणजे भाकरी थापता थापता पॅसेजमधली मुलं नजरेत राहतील. दुसरीने विचारलं, शिलाई मशीन कुठे ठेवू? त्या वस्तीत निम्म्याहून जास्त घरांत काही ना काही काम चालायचं: इमिटेशन दागिन्यांचे खडे लावणं, फॉल-पिको, पापड. तीनशे फुटांत मशीन बसायचं तर एक सलग भिंत हवी, जिला दार नाही, कपाटासाठी कोनाडा नाही, आणि जिच्यावर दिवसा उजेड पडतो. ही एक भिंत मिळवायला आम्ही संडास आणि मोरीची जागा अनेकदा बदलली. संडास आणि मोरी वेगळे हवेत यावर एकमत होतं. पाच माणसांच्या घरात सकाळी एकाच दाराआड दोन्ही असतील तर शाळा, कंपनी, धुणंभांडी सगळ्याचाच खोळंबा होतो. संडास आणि मोरीच्या वर सात फुटांवर स्लॅब टाकून माळा दिला. चौदा फूट उंची देणं आमच्या हातात नव्हतं.

एक म्हातारे काका म्हणाले, “आणि ओले कपडे?” आम्ही कुणी त्याचा विचार केला नव्हता असं नाही, पण त्यांच्या बोलण्याने त्याचं वजन कळलं. कपडे वाळत घालायला जागा नसली की ते खिडकीत जातात. खिडकी झाकली जाते, पावसाळ्यात ओल आत राहते, भिंतींना बुरशी येते. मग पॅसेजच्या टोकांना दोरी-कप्पीची सोय केली आणि खिडकीबाहेर ग्रिलची खोली आधीच ठरवून दिली, चज्ज्याच्या आत बसेल एवढी, एका बाजूला उघडणारी, म्हणजे आगीच्या वेळी बाहेर पडता येईल. ग्रिल लोक लावतातच. ते गृहीत न धरता काढलेला दर्शनी नकाशा वर्षभरात खोटा ठरतो. सरकत्या काचेची खिडकी आम्ही टाळली, कारण ती कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते.

भिंतीचा विषय मला सगळ्यांत जास्त छळतो. आता बहुतेक उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये काँक्रीटच्या भिंती ओततात, साइटवर त्याला माइव्हन म्हणतात. काम झपाट्याने होतं, प्लास्टर वाचतं, भाडं देऊन बाहेर ठेवलेली कुटुंबं लवकर परत येतात. हा शेवटचा फायदा खरा आणि मोठा आहे. पण दीडशे मिलिमीटरची काँक्रीटची भिंत उष्णता सरळ आत सोडते. दोनशे मिलिमीटरच्या एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकच्या भिंतीतून जेवढी उष्णता जाते त्याच्या चार-पाच पट. सूर्य मावळल्यावर ती भिंत आत तापत राहते आणि रात्री अकराला पंखा गरम हवा फिरवत असतो. 2018 साली केंद्र सरकारने निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता आणली, तिच्यात भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे आणि मुंबईसारख्या दमट हवेसाठी उघडणाऱ्या खिडक्यांचं किमान प्रमाणही. राजकोटला प्रधानमंत्री आवास योजनेतल्या स्मार्ट घर-3 या 1176 घरांच्या वसाहतीत एएसी ब्लॉक, अंशतः काचेच्या खिडक्या आणि घरातली हवा वर खेचणारे डक्ट वापरून घरं एसीशिवाय सुसह्य ठेवण्याचा प्रयोग झाला. ते काम स्वस्त घरांचंच होतं, म्हणून त्याचा दाखला मी प्रत्येक बैठकीत देत आले. आमच्या साइटवर पश्चिमेच्या भिंतींना तरी ब्लॉक मिळाले, बाकी काँक्रीट. मेच्या मध्यावर मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली पडत नाही. त्या दिवसांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं छप्पर हीच खरी भिंत असते. गच्चीवर विटांच्या खडीचा कोबा आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक केला. जुनं, गवंड्यांच्या हातातलं काम. त्याला ना वीज लागते ना देखभालीचा करार.

या शेवटच्या वाक्यापाशी मला थांबायचं आहे, कारण हरित इमारत म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं बरंच काही वीज आणि करारावर चालतं. वीस हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्यासोबत सांडपाणी शुद्धीकरणाचं यंत्र येतं. ते कागदावर उत्तम आहे. पण त्याला रोज वीज लागते, ऑपरेटर लागतो, सुटे भाग लागतात. विकासक हात झटकून गेल्यावर हा खर्च कोणाचा? त्या वेळच्या नियमाने दर घरामागे 40,000 रुपयांचा निधी सोसायटीच्या नावे ठेवायचा होता, ज्याला सगळे कॉर्पस म्हणतात. सहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला 2,400, महिन्याला 200 रुपये. त्या दोनशे रुपयांत अकरा मजल्यांच्या दोन लिफ्ट, पाण्याचे पंप, आगीचे पंप, पॅसेजचे दिवे, सफाई, वॉचमन आणि हे यंत्र बसवायचं. बसत नाही. मग माणसं खिशातून भरतात, काही भरत नाहीत, थकबाकी वाढते, आणि एक दिवस लिफ्ट बंद पडते ती तशीच राहते. नवव्या मजल्यावरची गुडघे दुखणारी आजी त्या दिवसापासून घरात कोंडली जाते. काही कुटुंबं अशा वेळी घर भाड्याने देऊन किंवा विकून परत बैठ्या वस्तीत जातात, आणि लोक म्हणतात, बघा, यांना फुकट घर दिलं तर विकून गेले. त्यांना घर नको नव्हतं. त्यांना ते घर महिन्याच्या महिन्याला झेपलं नाही.

म्हणून प्रत्येक मजल्याचं वजन मी आता दोन पारड्यांत तोलते: खालच्या मजल्याचा किती उजेड तो खातो आणि सोसायटीच्या हिशेबात महिन्याला किती भर घालतो. पाणी आणि विजेच्या बाबतीतही तोच हिशेब. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला खड्डा लागतो, यंत्र लागत नाही, तो आम्ही आरजीच्या खाली केला. जिन्यावर नैसर्गिक उजेड आणला, म्हणजे दिवसा दिवा नको. पॅसेज उघडा, म्हणून तिथेही नको.

उंच न जाता दाट कसं राहायचं याची उदाहरणं आपल्याच आसपास आहेत. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांत जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरी योजनेतून घरं बांधली गेली तेव्हा महिला मिलनच्या बायका आणि आर्किटेक्ट प्रसन्न देसाई यांच्यासारखे लोक गल्लीगल्लीत फिरले. लोकांना हलवलं नाही, जी कच्ची घरं होती तीच जागच्या जागी पाडून 25 चौरस मीटरची पक्की घरं उभी केली, कुठे एकट्या कुटुंबाची, कुठे दोघा-तिघांनी जागा एकत्र करून. गल्ली तीच, शेजारी तेच, लिफ्ट नाही. तिथे फिरताना मला वाटलं होतं की हे मुंबईत का नाही? उत्तर जमिनीच्या भावात आहे, मला ते माहीत आहे. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार आणि असंघटित कामगारांच्या सहकारी वसाहतीत, रे नगरमध्ये, तीस हजार घरांचा प्रकल्प तळमजला अधिक दोन अशा इमारतींचा आहे. तिथे जमीन शहराबाहेर मिळाली म्हणून ते शक्य झालं, आणि शहराबाहेर असण्याचा प्रवासखर्चही त्यासोबत आला. हीच किंमत मुंबईतली माणसं द्यायला तयार नसतात, आणि बरोबर आहे त्यांचं. घरकामाला जाणाऱ्या बाईला चार घरं चालत गाठता आली पाहिजेत. शहराच्या आत, कामाजवळ, दाट राहणं हेच सर्वांत कमी इंधन जाळणारं राहणं आहे. म्हणूनच दाटी वाईट म्हणून तिला शहराबाहेर ढकलणाऱ्यांशी माझं जमत नाही. दाटी हवी, तिच्यात श्वास हवा.

वरळीच्या बीडीडी चाळींत मी विद्यार्थी असताना मोजमापं घ्यायला जायची. 1920 च्या दशकातल्या त्या 207 चाळी वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला पसरलेल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सार्वजनिक. त्यांचे हाल मी पाहिले आहेत, त्यांचं कौतुक करून पुनर्विकासाला विरोध करणं मला मान्य नाही. 2025 मध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. आता त्या उंच टॉवरांची महिन्याची बिलं कशी भरली जातात इकडे माझं लक्ष राहील.

आमच्या तीन इमारतींत लोक राहायला गेल्यावर मी तिथे जात राहिले. पॅसेजमध्ये संध्याकाळी अभ्यासाला मुलं बसतात, खडे लावणाऱ्या बायका दुपारी दारातच काम करतात. बारा मीटरच्या बाजूला पहिल्या मजल्यावर जानेवारीत दुपारी दिव्याशिवाय पेपर वाचता येतो. नऊ मीटरच्या बाजूला पहिल्या दोन मजल्यांवर दिवा लागतो. तीन मीटरचा हा फरक तिथल्या विजेच्या बिलांत दिसतो. सोसायटीच्या खजिनदार एक ताई आहेत. त्यांनी एक वही ठेवली आहे. लिफ्टचं, पंपाचं, दिव्यांचं, सफाईचं, प्रत्येक महिन्याचं वेगळं. कोणत्या इमारतीत किती थकबाकी, कोणत्या महिन्यात पंप जळला, सगळं. इतका उपयोगी दस्तऐवज मला कोणत्याही सल्लागाराने दिलेला नाही.

सध्या जवळच्याच दुसऱ्या वस्तीचं काम चालू आहे. तिथल्या कमिटीतली माणसं आमची जुनी साइट बघायला आली, त्यात बायका जास्त होत्या. टाइल्स आणि दरवाज्यांवर हात फिरवून झाल्यावर त्या खजिनदार ताईंच्या घरी जाऊन बसल्या आणि दोन तास वही वाचत होत्या. लिफ्ट बंद पडली तर किती दिवसांत येतात? पाणी वर चढवायला महिन्याला किती? खालच्या घरात दिवसा दिवा लागतो का? पुढच्या बैठकीला त्यांनी वहीच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि विकासकाला सांगितलं, आम्हाला आठच मजले पाहिजेत आणि मध्ये बारा मीटर पाहिजे. विक्रीची इमारत तुम्ही हवी तेवढी उंच करा, ती घेणाऱ्यांना लिफ्टचं बिल परवडतं. विकासकाने चौदा मजल्यांचा नकाशा पुढे केला. आम्ही दोन्ही सेक्शन एकाच मापात काढून भिंतीवर लावले आहेत, आणि प्रत्येकाखाली त्या वहीवरून काढलेला दर महिन्याचा दर घरामागचा खर्च लिहिला आहे. पुढची सभा वस्तीतल्या समाजमंदिरात आहे. कमिटीने सगळ्या घरांना निरोप दिला आहे आणि ज्या बायकांची दुपारची कामं असतात त्यांना यायला मिळावं म्हणून वेळ रात्री नऊची ठेवली आहे.